रानकोंबड्याच्या मागावर

अमेरिकेच्या अरण्यांत टर्की नांवाचा एक थोराड रानपक्षी राहतो. वसंत लागला कीं तेथील शिकारी पहांटेच्या अंधारांत रानांत शिरतात, एखाद्या जाड बुंध्याच्या झाडास पाठ लावून बसतात आणि लाकडाच्या लहानशा पेटीवर लाकडाचीच पट्टी घासून टर्कीच्या मादीचा आवाज काढतात. दूर टेकडीवरून नर गडगडून त्यास उत्तर देतो. हें संभाषण कधीं कधीं तास तास चालतें. वास्तविक निसर्गाची रीत उलट आहे. नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी नराला त्याच्या स्वभावाविरुद्ध आपल्याकडे बोलावूं पाहत असतो, आणि म्हणूनच पुष्कळ वेळां नर येत नाहीं. शिकारी रिकाम्या हातांनीं घरीं परततो, तरीहि सकाळ वायां गेली असें त्यास वाटत नाहीं.

हें वर्णन प्रथम वाचलें तेव्हां माझ्या मनांत आलें, कीं ही विद्या आपल्या मुलखांत कोणत्या पक्ष्याच्या कामीं यावी? आपल्या रानांत टर्की नाहीं व कधींहि नव्हता. तो इकडे आला तो गोव्याच्या वाटेनें, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. इ. स. १६१२ मध्यें मुकर्रबखान नांवाच्या सरदारानें गोव्याहून जे अपूर्व प्राणी जहांगीर बादशहाकडे नेले, त्यांत एक टर्की होता. बादशहानें आपल्या आठवणींत त्याचें मोठ्या कुतूहलानें वर्णन करून ठेविलें आहे. डोक्यावरचा व मानेवरचा मांसल भाग सरड्यासारखा रंग पालटतो, ह्याचें त्यास फार नवल वाटलें. दरबारचा चित्रकार उस्ताद मन्सूर ह्याचें म्हणून मानलें जाणारें त्या पक्ष्याचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. पोर्तुगीज लोक ह्या पक्ष्यास 'पेरू' म्हणतात, आणि गोव्यांत तेंच नांव रूढ झालें. तेव्हां तिकडे कोणी 'पेरू पाळला आहे' असें म्हणाल्यास घाटावरच्या माणसानें बुचकळ्यांत पडूं नये. इंग्रजांनीं त्यास तुर्कस्तानचें नांव दिलें, डचांनीं आपल्या कालिकतचें. ज्या तीन मुलुखांचीं नांवें त्यास चिकटलीं, त्यांपैकीं एकाहि मुलुखांत तो मूळचा नाहीं.

असो. टर्की, मोर, तित्तर, लावा आणि आपली घरची कोंबडी हीं सारीं पक्षिशास्त्राच्या हिशेबानें एकाच कुळांतलीं. ह्या कुळांतला सह्याद्रीचा जो खरा मानकरी, तो रानकोंबडा. आज त्याच्याविषयींच बोलावयाचें आहे, आणि तेंहि मुळशी तालुक्यांतील रिहे गांवाच्या परिसरास धरून.

पुण्याहून निघून घोटवडें ओलांडलें, म्हणजे डोंगरांत जें खोरें शिरतें त्यांत रिहे आहे. त्याच्या पुढें खांबोली, कातरखडक हीं गांवें; डोंगराच्या रांगेपलीकडे पवनेचें मावळ. मागें वळून पाहिलें तर पूर्वेस हिंजवडीचे कांचेचे मनोरे उन्हांत चमकतात, इतकें हें रान आतां शहराच्या जवळ आलें आहे, किंवा शहर रानाच्या. गांवाभोंवतीं भातखाचरें, त्यांच्या वर गवताळ माळ, माळाच्या वर करवंदीच्या व घाणेरीच्या जाळ्या, आणि घळींतून व डोंगराच्या खांद्यावरून कारवी, आंबा, जांभूळ, ऐन ह्यांचें रान, अशा येथें पायऱ्या आहेत. पक्षीहि ह्या पायऱ्या वाटून घेऊन राहतात. माळावर तित्तर, सकाळच्या प्रहरीं त्याची तिखट, धांवती हांक ऐकूं आली नाहीं असा दिवस नाहीं. गवतांत लावे, ते पायाखालून भुर्रकन् एकदम उडतात आणि चालणाराच्या काळजाचा ठोका चुकवितात. जाळ्यांत कोकत्री, ही जोडीनें हिंडते आणि हिच्या नराच्या पायांवर मागल्या अंगास एकाऐवजीं दोन दोन काटे असतात. रानकोंबडा मात्र सर्वांत वरच्या पायरीचा. उघड्या माळावर त्यास शोधूं नये. रान जेथें दाट होतें आणि त्याच दाट रानाच्या कडेला जेथें थोडी मोकळी जागा असते, तेथें तो असावयाचा. खोऱ्यांतून पश्चिमेस, मुळशीच्या जलाशयाच्या वरच्या अंगास व ताम्हिणीच्या घाटाकडे जसजसें जावें, तसतशी त्याची हांक अधिक वेळां कानीं येते. ताम्हिणीचें रान २०१३ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें आहे.

हा पक्षी केवळ हिंदुस्थानचा. दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेस अबूच्या पहाडापर्यंत तो आढळतो. जगांत अन्यत्र कोठेंहि नाहीं. स्थूलमानानें गोदावरीच्या पलीकडे, पूर्वेच्या व उत्तरेच्या रानांत राहतो तो तांबडा रानकोंबडा निराळा. आपल्या कोंबड्याचा अंगरंग राखी. तुरा व गालांखालचे लोंबते गल्ले तांबडे. शेपटीचीं विळ्यासारखीं वळलेलीं पिसें काळीं, त्यांवर जांभळी झांक. परंतु त्याचें खरें वैभव मानेवर आहे. तेथल्या लांब, काळसर पिसांच्या टोंकांशीं पिंवळट पांढरे ठिपके असतात, आणि ते ठिपके नुसत्या रंगाचे नसून कठीण व तकतकीत असतात, जणूं कोणीं प्रत्येक पिसावर लाखेचा थेंब टाकून बोटानें दाबला आहे. मादी अगदीं साधी. पाठ तपकिरी, पोट पांढरें, आणि त्या पांढऱ्या पिसांना गडद कडा. पाचोळ्यांत ती बसली म्हणजे दहा हातांवरून दिसत नाहीं, आणि तिच्या दृष्टीनें तेंच योग्य आहे.

मानेच्या ह्या पिसांनींच ह्या पक्ष्याचा घात केला. विलायतेंत साल्मन नांवाचा मासा धरण्यासाठीं गळाला पिसांची कृत्रिम माशी बांधतात, आणि तिच्या डोळ्याच्या जागीं आपल्या रानकोंबड्याचें हें ठिपक्याचें पीस लावण्याची चाल पडली. त्या पाण्यांतल्या डोळ्यापायीं इकडच्या रानांतले कोंबडे मारले गेले. रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर सरकारनें १९०२ सालीं बंदी घातली खरी. पण मागणी असली म्हणजे चोरटी वाट सांपडतेच. पुढें तिकडच्या लोकांनीं हा पक्षी पिंजऱ्यांत वाढवून त्याचीं पिसें मिळविण्याची सोय केली, ती अधिक उपयोगी पडली असावी असें मला वाटतें.

आतां त्याला पाहावयाचें कसें, तें सांगतों. रिह्याच्या वरच्या एका वाडीवरील वृद्ध गृहस्थानें मला पहिल्याच दिवशीं बजावलें होतें, "पाव्हणं, कोंबडा बघायचा नसतो, ऐकायचा असतो. ऐकाय शिकलात, म्हंजी त्यो आपसूक दिसंल." ह्या एका वाक्यांत सारी विद्या आली. रानकोंबडा दिवसा जमिनीवर चरतो. पण रात्रीं झाडावर अथवा बांबूच्या बेटांत झोंपतो. उजाडण्यापूर्वीं तो त्या फांदीवरूनच बांग देतो. घरच्या कोंबड्याची बांग लांबत जाते, ह्याची मात्र तुटक, खडखडीत असते. 'कुक्, कायाक्, क्युक्, क्युक्' असें कांहींसें. ती संपतांना अगदीं हलका असा एक पुटपुटल्यासारखा सूर येतो, तो फक्त जवळच्यालाच ऐकूं जातो. तो सूर ज्या दिवशीं ऐकूं आला त्या दिवशीं समजावें कीं आपण पक्ष्यापासून फार दूर नाहीं, आणि आतां खोकलाहि येऊं देऊं नये.

म्हणून आदल्या सायंकाळींच कान देऊन ठेवावा. दिवस मावळतांना कोंबडे झोंपावयास चढतात तेव्हांहि ओरडतात. कोणत्या घळींतून आवाज आला तें ध्यानांत धरावें. दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं तासभर त्या घळीच्या कडेला, पण झोंपण्याच्या झाडापासून शंभर-दीडशें पावलें अंतर राखून, मोकळ्या जागेकडे तोंड करून बसावें. अमेरिकन शिकाऱ्याप्रमाणें झाडास पाठ लावावी. त्यामुळें माणसाची आकृति बुंध्यांत मिसळते. पांढरा सदरा, पांढरी टोपी मुळींच नको. पक्ष्याला वासाची फारशी पर्वा नसते. वाऱ्याची दिशा पाहत बसण्याचें कारण नाहीं. त्याचा डोळा मात्र अतिशय तीक्ष्ण. आपण हलूं नये, एवढीच काय ती अट, आणि तीच सर्वांत कठीण. मुंगी चावली तरी हात उचलूं नये, असें म्हणणें सोपें आहे. मी स्वतः दोन सकाळी मुंग्यांपायीं गमावल्या आहेत.

कोंबडा उतरला कीं प्रथम आवाज येतो तो पाचोळा उकरण्याचा. खर्र, खर्र, मग शांतता. पुन्हां खर्र, खर्र. मधली शांतता म्हणजे त्यानें मान वर करून चोहोंकडे पाहिलें. ह्या तालावरून रानांत चालणारें दुसरें जनावर व कोंबडा ह्यांतला भेद थोड्याच दिवसांत कळूं लागतो. त्याचें खाणें नाना प्रकारचें: धान्य, गवताचें बीं, करवंदें, घाणेरीचीं फळें, उंबर, वाळवी, किडे. बांबूस किंवा कारवीस बीं धरलें म्हणजे एरवीं एकटे-दुकटे फिरणारे हे पक्षी मोठ्या संख्येनें तेथें गोळा होतात. कारवी सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते व बीं टाकून वाळते. त्या सालीं डोंगरावरची निळी जांभळी फुलें पाहावयास लोक लोटतात, पण त्यानंतर तेंच बीं वेंचावयास येणारा हा पाहुणा फारच थोड्यांच्या दृष्टीस पडतो.

पावसाळ्याच्या आरंभीं नराच्या मानेचीं तीं ठिपकेदार पिसें गळतात आणि कांहीं महिने त्यांच्या जागीं आंखूड काळसर पिसें येतात. त्या दिवसांत तो जवळपास मुका असतो आणि अंग चोरून हिंडतो. ज्यास कोंबडा त्याच्या थाटांत पाहावयाचा आहे, त्यानें माघापासून वैशाखापर्यंतच्या काळांत जावें.

आपल्याकडे पक्ष्याला बोलावून आणण्याची विद्या नव्हती असें नाहीं. ती पारध्यांपाशीं होती. पाळलेला तित्तर पिंजऱ्यांत घालून माळावर ठेवावयाचा, त्याच्या भोंवतीं घोड्याच्या केसांचे फासे मांडावयाचे आणि दूर जाऊन बसावयाचें. पिंजऱ्यांतला ओरडला कीं त्या माळाचा मालक तित्तर भांडावयास धांवून येतो, आणि त्याचा पाय फाशांत अडकतो. फासेपारधी हें नांवच मुळीं त्या फाशांवरून पडलें. इंग्रज सरकारनें १८७१ च्या कायद्यानें अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत पारधीहि सांपडले. तो शिक्का कायद्यानें पुसला गेला तो १९५२ सालीं, आणि लोकांच्या मनांतून तो अद्यापि पुरता गेलेला नाहीं. रानाच्या आवाजांचें एवढें सूक्ष्म ज्ञान ज्यांच्यापाशीं पिढ्यान्‌पिढ्या होतें, त्यांना आपण ना शिकारी राहूं दिलें, ना रानाचे राखणदार केलें, हें मला तरी चुकीचें वाटतें.

साहेबी शिकार निराळी. तींत हांका घालीत. गांवची माणसें ओळीनें डबे वाजवीत रान झोडीत येत, आणि पलीकडे बंदुकीवाले उभे राहत. रानकोंबडा ह्या हांक्यांत शेवटपर्यंत पायांनींच पळतो. अगदीं नाइलाज झाला म्हणजे मोठ्या फडफडाटानें उडतो.

कायद्याचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १९१२ च्या कायद्यानें विणीच्या हंगामापुरती शिकार बंद ठेवण्याची सोय झाली. मुंबई राज्यानें १९५१ सालीं वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा स्वतःचा कायदा केला. १९७२ सालीं सर्व देशासाठीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्यांत प्रथम कांहीं शिकारीस परवाने मिळत, तेहि १९९१ च्या दुरुस्तीनें गेले. एक गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. ह्या कायद्यांत 'शिकार' शब्दाचा अर्थ बंदूक झाडण्यापुरता नाहीं. फासा लावणें, मारण्या-धरण्यासाठीं हांका घालणें, घरट्यांतलीं अंडीं काढणें, किंबहुना अंड्यांस व घरट्यास त्रास देणें हीहि शिकारच. तेव्हां 'मीं कोंबडा मारला नाहीं, केवळ चार अंडीं आणून घरच्या कोंबडीखालीं ठेविलीं' हा बचाव चालावयाचा नाहीं.

अमेरिकेनें ह्याच प्रश्नाचें उत्तर निराळ्या रीतीनें शोधलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील रानटी टर्की बहुतेक नाहींसा होण्याच्या बेतांत होता. १९३७ सालीं त्यांनीं बंदुका व काडतुसें ह्यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या पुनर्वसनास लावण्याचा कायदा केला. प्रथम पिंजऱ्यांत वाढविलेले पक्षी रानांत सोडून पाहिले. ते जगले नाहींत, कारण शत्रूपासून पळावयाचें कसें हें त्यांस आईनें शिकविलेलें नव्हतें. मग जेथें रानटी पक्षी उरले होते तेथें जाळीं उडवून ते जिवंत धरले व दुसऱ्या रानांत नेऊन सोडले. आज त्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक आहे, आणि ठराविक हंगामांत परवाना घेऊन त्यांची शिकार चालते. आपणहि तसेंच करावें असें कोणी सुचवितात. मला तें पटत नाहीं. त्यांच्याजवळ मोजदाद आहे, राखणदार आहेत, आणि विस्तीर्ण रानें आहेत. आपल्या खोऱ्यांत किती कोंबडे आहेत हें अद्याप कोणीं मोजलेलें नाहीं. मोजल्यावांचून वाटप कसलें करावयाचें?

ह्या पक्ष्याचें आणखी एक ऋण आपल्या स्वयंपाकघरावर आहे. डार्विननें १८६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें होतें, कीं जगांतल्या सर्व पाळीव कोंबड्या एकट्या तांबड्या रानकोंबड्याच्या वंशांतल्या. तें बहुतांशीं खरें ठरलें. पण २००८ सालीं स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं त्यांत एक दुरुस्ती केली. पुष्कळ पाळीव कोंबड्यांचे पाय व कातडी पिंवळी असते. दाणा व पाला ह्यांतून पोटांत जाणारें पिंवळें द्रव्य तांबड्या रानकोंबड्याच्या कातडींत मोडून टाकलें जातें, म्हणून ती पांढरी राहते. पिंवळ्या कोंबडींत हें मोडण्याचें काम कातडीपुरतें मंद झालेलें असतें. हा आनुवंशिक गुण तांबड्याकडून आलेला नसून आपल्या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असें त्यांनीं सिद्ध केलें. म्हणजे केव्हां तरी, हिंदुस्थानांतल्या कोणत्या तरी गांवकुसाला, रानांतला एक कोंबडा घरच्या कोंबड्यांत मिसळला होता. रिह्याच्या बाजारांत अथवा परदेशांतल्या एखाद्या दुकानांत पिंवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर तिच्यांत ह्या सह्याद्रीच्या कुळाचा अंश आहे असें समजावें.

परंतु आज त्याच मिसळण्याचें भय वाटतें. डोंगराच्या खांद्यापर्यंत बंगल्यांचे तुकडे पडूं लागले आहेत. प्रत्येक बंगल्यामागें चार कोंबड्या, दोन कुत्रे. कोंबड्यांनीं वंश भेसळतो आणि रोग पसरण्याचा धोका असतो. कुत्र्यांनीं अंडीं व पिलें जातात. तरीहि माझ्या मतें सर्वांत मोठा वैरी हा नव्हे. तो वणवा.

रानकोंबडीचें घरटें जमिनीवर असतें. झुडपाखालीं उकरलेला एक खळगा, त्यांत थोडीं पानें, आणि फिकट पिंवळसर अशीं साधारण चार ते सात अंडीं. मादी एकटीच तीं तीन आठवडे उबविते. आतां हंगाम पाहा. अंडीं घालण्याचा काळ माघ ते वैशाख, आणि मावळांत डोंगर जळण्याचा काळहि तोच. भाताच्या रोपांसाठीं शेतकरी राब भाजतो. तो वाऱ्यानें उधळून गवतांत जातो. कोणी विडी टाकतो. कोणी मुद्दामच काडी लावतो, कारण जुनें गवत जाळलें म्हणजे पावसाळ्यांत नवें जोमानें येतें अशी समजूत आहे. आग उतारावरून वर चढते, आणि रात्रीं पुण्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्यास डोंगरावर दिव्यांच्या माळा लावल्याचा भास होतो. कोंबडा उडून जातो. मादी अंड्यांवरून उठते ती अगदीं शेवटीं. आग गेल्यावर पाचोळा उरत नाहीं. पाचोळा नाहीं म्हणजे वाळवी नाहीं, किडे नाहींत, लपावयास जागा नाहीं. मग उरलेले पक्षी ओलसर घळींत एकवटतात, आणि फासे लावणाराला तेवढ्याच घळी राखल्या कीं पुरतें.

ह्यावर उपाय महागाचे नाहींत. राब सकाळीं लवकर, वारा पडलेला असतांना भाजावा आणि चारी अंगांनीं जमीन खरवडून ठेवावी. होळीपूर्वीं डोंगराच्या पायथ्याशीं जाळरेषा काढावी; वनखातें ती काढतें, पण गांवच्या व खाजगी डोंगरांना ती कोण काढणार हा प्रश्न राहतोच, आणि रिहे खोऱ्यांत तसले डोंगर पुष्कळ आहेत. गांवच्या तरुणांनीं हिरव्या फांद्यांनीं झोडपून वणवा विझविला असें मीं एकदां डोळ्यांनीं पाहिलें आहे. पंधरा माणसें होतीं, आणि दोन तासांत काम झालें.

पाहावयास जाणाऱ्यांसाठीं आणखी एकच सूचना. हल्लीं पुष्कळांच्या खिशांतल्या फोनमध्यें पक्ष्यांचे आवाज असतात, आणि ते वाजवून कोंबड्यास बाहेर काढण्याचा मोह होतो. पिंजऱ्यांतल्या तित्तराचीच ही नवी आवृत्ति. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द सोडून त्या खोट्या वैऱ्याशीं लढावयास येतो, पुन्हां पुन्हां येतो, आणि चरण्याचा सकाळचा उत्तम वेळ त्यांत घालवितो. फोन बंद ठेवून बसावें. गेल्या फाल्गुनांत खोऱ्याच्या वरच्या अंगास असाच बसलों असतां कोंबडा चाळीस पावलांवर निघाला, त्याच्यामागें दोन माद्या. उन्हाची तिरीप मानेवर पडतांच ते सारे ठिपके एकदम उजळले. खालीं वाडींत कोणाचा तरी कोंबडा आरवला. ह्यानें मान उंच करून क्षणभर तिकडे कान दिला, आणि मग पुन्हां पाचोळा उकरूं लागला.